फेरी किती सेकंदांची? खेळातल्या लढाईचा वेळ मोजण्याच्या नोंदी (सोलापूर, जानेवारी ते एप्रिल २०२५)

रविवार, ५ जानेवारी

काल रात्रीच्या खेळात भांडण झाले आणि ते मिटावे म्हणून या नोंदी सुरू करीत आहे. आमचा सहा जणांचा गट गेली चार वर्षे अशोक चौकाजवळच्या आमच्या घरी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवायचे आणि निकाल फाशांनी लावायचे. सूत्रधार, म्हणजे प्रसंग मांडणारा आणि बाकीची सगळी पात्रे चालवणारा, मी असतो. सध्याची मोहीम सतराव्या शतकातली असल्यामुळे किल्ल्याचा नकाशा आम्ही आपल्या भुईकोट किल्ल्यावरूनच बेतला आहे: दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका अंगाला तलाव. काल आतेभावाचे पात्र बुरुजावर दोन पहारेकऱ्यांशी लढत असताना मी तिसऱ्या फेरीच्या (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी) अखेरीस दरवाजावरची कुमक तेथे आणून उभी केली. नकाशावर हे अंतर १२० मीटर आहे.

आतेभावाने तेथल्या तेथे हिशेब मांडला. फेरी ६ सेकंदांची, म्हणजे तीन फेऱ्यांचे १८ सेकंद. एवढ्या वेळात १२० मीटर म्हणजे सेकंदाला साडेसहा मीटरांहून जास्त, आणि तेही ढाल-तलवार सांभाळत. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे एका फेरीत ९ मीटर जाता येते आणि सगळी फेरी धावण्यात घातली तर १८ मीटर; तेव्हा कुमक सातव्या फेरीत यायला हवी होती, असे त्याचे म्हणणे. मी म्हणालो की सहा सेकंदांत १८ मीटर म्हणजे सेकंदाला ३ मीटर, आणि बस सुटत असली की त्याची आई, म्हणजे माझी आत्या, याहून वेगाने धावते. यानंतर खेळ पुढे गेला नाही.

सहा सेकंद हा आकडा आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतून कधी विचार न करता उचलला होता. आज जमतील तेवढे नियम काढून पाहिले. त्याच खेळाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत लढाईची फेरी एका मिनिटाची होती, कारण तो खेळ लघुप्रतिमा-सैनिकांच्या युद्धखेळातून निघाला आणि तुकड्यांच्या लढाईचे माप एकेकट्या माणसाला तसेच चिकटले. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीने मिनिट कायम ठेवून त्याचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे पाडले. नवशिक्यांच्या ‘बेसिक’ संचात फेरी १० सेकंदांची होती, आणि ६ सेकंद आले ते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून. याच प्रकारच्या दुसऱ्या खेळांपैकी १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये फेरी १२ सेकंदांची आहे आणि १९८६ च्या गर्प्समध्ये एका सेकंदाची. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात साठपटींचा फरक. एकाच गोष्टीच्या मापात एवढा फरक पडत असेल, तर सगळे एकच गोष्ट मोजत नसावेत, अशी शंका मला आजच आली होती. पण ती बाजूला सारून मी बांबू आणायला गेलो.

रविवार, १९ जानेवारी

मधला रविवार सिद्धेश्वर यात्रेत गेला. नंदीध्वजांची मिरवणूक सोडून कोणी माडीवर काठ्या फिरवायला येणार नव्हते, आणि मीही गेलो नसतो.

साहित्य असे: तीन फुटांचे चार बांबू, प्रत्येकी ६० रुपये, त्यांवर चढवायला एसीच्या तांब्याच्या नळीवर असते ते काळे फोमचे आवरण, ३२० रुपये, चिकटपट्टी ८० रुपये. डोक्याला भाच्याचे क्रिकेटचे हेल्मेट आणि हाताला फलंदाजीचे हातमोजे. या हातमोज्यांविषयी पुढे लिहावे लागणार आहे.

पहिल्या प्रयोगात भाच्याने सहा सेकंद हवेत काठी फिरवली आणि मी वार मोजले. चौदा भरले. आतेभावाचे तेरा, माझे दहा. आम्ही फार खूश झालो आणि फेरी अर्ध्या सेकंदाची असली पाहिजे, असे ठरवूनही टाकले. घरी गेल्यावर आतेभावाचा फोन आला: ‘समोर कोणी नव्हतं की बे.’ हवेत कापणारी काठी थांबवावी लागत नाही, मागे घ्यावी लागत नाही आणि आपल्यावर येणाऱ्या काठीकडे लक्षही द्यावे लागत नाही. सबब आजचे सगळे आकडे रद्द. शिवाय मोबाइलवरचे स्टॉपवॉच अंगठ्याने सुरू-बंद करण्यात दोन्ही टोकांना चुका होतात आणि सहा सेकंदांच्या मापात त्या डोळ्यांत भरतात. पुढच्या वेळी चित्रीकरण.

रविवार, २६ जानेवारी

होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेचे, पाळणे अजून उभे असल्यामुळे आजही माडीच. दोघे समोरासमोर, काठी अंगाला लागली की मोठ्याने ‘लागली’ म्हणायचे पण थांबायचे नाही, पाच वेळा लागली की चकमक संपली, असा नियम ठेवला. एकूण अकरा चकमकी झाल्या. बँकेतल्या मित्राने सगळ्यांचे स्लो-मोशन चित्रीकरण केले.

सातव्या चकमकीत आतेभावाची काठी माझ्या उजव्या अंगठ्यावर बसली. फलंदाजीच्या हातमोज्यात बोटांची बाहेरची बाजू सुरक्षित असते, कारण चेंडू समोरून येतो. काठी बाजूने आणि खालून येते. डॉक्टर, एक्स-रे आणि औषधे मिळून ९५० रुपये गेले. हाड शाबूत आहे, दहा दिवस पट्टी. हा प्रयोग कोणी करणार असेल, तर त्याने अंगठ्याभोवती फोमचा वेगळा तुकडा बांधावा आणि मगच काठी उचलावी.

रात्री डाव्या हाताने नोंदी केल्या. एकेक झटापट, म्हणजे पहिला वार सुटल्यापासून दोघे एकमेकांच्या टप्प्याबाहेर होईपर्यंतचा वेळ, १२ ते २० सेकंद निघाली. दोन झटापटींच्या मधली उसंत अर्ध्या मिनिटापर्यंत. त्यावरून फेरी पाऊण मिनिटाची असावी, असे मी गटाला लिहून कळवले, आणि जुन्या एका मिनिटाच्या नियमाची थोरवी गाणारा एक परिच्छेदही जोडला.

रविवार, २ फेब्रुवारी

तो परिच्छेद मागे घेत आहे. भाच्याने चित्रफीत पाहून विचारले, ‘मामा, मागचं कबूतर बघ की. इतकं हळू उडायलंय, पडत कसं नाही?’

कॅमेरा सेकंदाला २४० चौकटी घेतो आणि त्याच चौकटी सेकंदाला ३० या गतीने दाखवतो, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद हा प्रत्यक्षातला आठवा हिस्सा असतो. मी पडद्यावरचे सेकंद खरे धरले होते. सरसकट आठाने भागून सुटका झाली असती, पण या मोबाइलने प्रत्येक चित्रफितीचा आरंभ आणि शेवट नेहमीच्या गतीचा ठेवून मधलाच भाग संथ केला होता, आणि गती नेमकी कोठे बदलते ते कळायला मार्ग नव्हता. अकराच्या अकरा चकमकी बाद. एक रविवार आणि एक अंगठा वाया.

उपाय अगदी साधा निघाला. दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून तो चित्राच्या चौकटीत दिसेल असा स्टुलावर उभा करायचा. मग चित्रफीत कोणत्याही गतीने चालो, चित्रातले घड्याळ खरेच बोलते. आज फक्त एवढे जमते आहे ना, ते पाहिले.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज बँकेतल्या मित्राच्या ओळखीने एक वस्ताद आले होते. ते मुलांना लाठी शिकवतात आणि साठी ओलांडलेली असूनही बसताना गुडघ्याला हात लावत नाहीत. आम्ही झटापटीची सुरुवात कशी ठरवतो, असे त्यांनी विचारले. पहिला वार सुटतो तेव्हापासून, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘तुम्ही हात मोजायलाव. पाय मोजा की.’ मग आतेभावाला समोर उभे करून त्यांनी दाखवले. वार सुटण्यापूर्वी पुढचा पाय जमिनीवरून सुटलेला असतो; समोरचा माणूस त्या पायाला उत्तर देतो, काठीला नाही. कित्येक झटापटींत तर पाय पुढे पडतो, दुसरा मागे सरतो आणि वार होतच नाही. आम्ही त्या मोजतच नव्हतो.

मोजण्याची पद्धत बदलली: एकाचा पुढचा पाय चालून जाण्यासाठी उचलला गेला की झटापट सुरू, आणि अशा एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंतचा काळ हे आमचे माप. चौदा चकमकी केल्या. अंगठ्यामुळे मी फक्त पंच.

चित्रफिती पाहून एकूण ६१ झटापटी मिळाल्या. प्रत्यक्ष झटापट एक ते तीन सेकंदांची आहे, आणि त्यात दोन-तीन वार, एखादी हूल आणि एखादा अडवलेला वार मावतो. उरलेला सगळा काळ दोघे टप्प्याबाहेर फिरत, श्वास घेत, एकमेकांच्या खांद्याकडे बघत घालवतात. पावलापासून पावलापर्यंतचा सर्वांत कमी काळ २ सेकंद, सर्वांत जास्त १९. मध्यक ६ ला लागूनच. पण चकमकींचे तुकडे केल्यावर मला जास्त महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. पहिल्या मिनिटातल्या झटापटींचा मध्यक साडेपाच सेकंद आणि मिनिटानंतरच्यांचा अकरा. झटापट तेवढीच राहते. लांबते ती उसंत.

या आकड्यांतला एक दोष उघड आहे. फोम लागल्याने कोणी मरत नाही. खरी धार समोर असती, तर माणसे टप्प्याबाहेर याहून जास्त वेळ फिरली असती, हे वस्तादांचेही मत पडले. आमची उसंत म्हणून कमीत कमी धरावी.

जुन्या एका मिनिटाच्या फेरीचे समर्थन आज पुन्हा वाचले आणि थोडा ओशाळलो. त्या मिनिटात अनेक वार, हुली आणि बचाव होतात, फासा टाकायचा तो त्यांतल्या एका खऱ्या संधीसाठी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे उसंत त्यांना दिसली होती. त्यांनी ती फार ताणली, एवढेच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

३० मीटरची मोजपट्टी, २८० रुपये.

रविवार, १६ फेब्रुवारी

भल्या सकाळी होम मैदान. यात्रा उठली असली, तरी पाळण्यांच्या खांबांचे खड्डे तसेच आहेत, तेव्हा धावण्याची रेघ दोनदा हलवावी लागली. प्रत्येकाच्या पाठीला दहा किलो ज्वारीची पिशवी ओढणीने घट्ट बांधली आणि हातात काठी दिली. वहिनींनी ज्वारी मोजून दिली होती आणि तेवढीच परत आली पाहिजे, अशी अट घातली होती.

उभ्या जागेवरून सुटून सहा सेकंदांत आम्ही सरासरी २५ मीटर जातो. पुस्तकातले १८ कमी आहेत, यात वाद नाही. १२० मीटरला तिघांना अनुक्रमे २७, २९ आणि ३१ सेकंद लागले. म्हणजे कुमक पाचव्या फेरीच्या शेवटी शेवटी येते: माझी तिसरी फेरी खोटी आणि आतेभावाची सातवीही खोटी. मला हे फार आवडले.

नंतर ९ मीटरचाही निकाल लावला. काठी रोखून, समोरच्यावरची नजर न हलवता, पाय न ओलांडता सरकत गेले, तर सहा सेकंदांत ८ ते १० मीटर होतात. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो धावण्याचा आकडा नाही, लढताना सरकण्याचा आहे, आणि तो धावण्याला लावणे ही आमची चूक होती.

परत निघताना भाच्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. १२० मीटर धावून आलेला माणूस लगेच पवित्रा घेतो का? म्हणून पुन्हा धावलो, आणि रेघेवर पोहोचताच समोर काठी घेऊन उभ्या असलेल्या आतेभावाशी भिडायचे ठरवले. बँकेतला मित्र पोहोचला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. आतेभाऊ काठी खाली टेकवून त्याला म्हणाला, ‘मारायलास, का विचार करायलास बे?’ काठी नीट उचलली जाईपर्यंत दहा-बारा सेकंद गेले. दुसऱ्या दोघांचेही तसेच झाले. आता २९ मध्ये ११ मिळवा: ४० सेकंद. चाळिसावा सेकंद सातव्या फेरीत पडतो. कुमक पोहोचते पाचव्या फेरीत, पण पहिला वार करते सातव्या फेरीत. आतेभावाचा आकडा सर्वस्वी चुकीच्या कारणांनी बरोबर आला आहे आणि ही गोष्ट तो आम्हा कोणाला विसरू देणार नाही, हे घरी येईपर्यंत स्पष्ट झाले.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज बंदूक. वहिनींचे पात्र तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायची, बंदूक चालवते, म्हणून हा भाग त्यांनीच हाती घेतला. दारूगोळ्याचा प्रश्नच नाही. आम्ही फक्त हालचालींचा वेळ घेतला. लांब नळीऐवजी पीव्हीसी पाइप, दारूऐवजी मोजून भरलेला रवा, गोळीऐवजी चिंचोका, ठासायला पडद्याचा गज. रवा ओतणे, चिंचोका सोडणे, गजाने ठासणे, गज काढून जागच्या जागी ठेवणे, बंदुकीच्या कानात, म्हणजे नळीच्या मागच्या छिद्रापाशी, रंजक (पेटवणीची दारू) घालणे, पेटता तोडा चापात पुन्हा बसवणे. तोड्याच्या जागी उदबत्ती होती. पहिल्या वेळी ७० सेकंद लागले, कारण गज पाइपात अडकला. दहाव्या वेळी ३८. तोड्याच्या बंदुकीतून सरावलेला माणूसही मिनिटाला एक, फार तर दोन बार काढत असे, त्या मानाने आमचा आकडा विश्वासार्ह वाटतो. अर्थात स्वयंपाकघरात कोणी आमच्यावर चालून येत नव्हते.

अडचण पुढची आहे. ३८ सेकंद म्हणजे सहा सेकंदांच्या सात फेऱ्या. प्रत्येक फेरीला टेबलावर सात-आठ मिनिटे जातात, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणजे वहिनींनी एक बार काढायचा आणि नंतर पाऊण तास इतरांचा खेळ बघत बसायचे. माप खरे असले, तरी ते टेबलावर चालेलच असे नाही, हे आज पहिल्यांदा नीट कळले.

धनुष्याला एकच ओळ पुरे: उसने आणलेल्या साध्या बांबूच्या धनुष्याने नेम धरून सोडलेल्या बाणाला आम्हाला ७ ते ९ सेकंद लागले, आणि आम्ही वाईट तिरंदाज असल्यामुळे हा आकडा मी कोणाच्या गळ्यात मारणार नाही.

रविवार, २ मार्च

आपल्या पद्धतीची बाहेरून एकदा परीक्षा व्हावी म्हणून कबड्डीचे सामने पाहायला गेलो. चढाईला ३० सेकंद असतात. दोघांनी मिळून ४० चढाया मोजल्या. बहुतेक चढायांत पहिली वीसेक सेकंदे फक्त फिरणे, पाय टाकून पाहणे, कोपऱ्यावर नजर ठेवणे यांत जातात, आणि प्रत्यक्ष धरपकड दोन-तीन सेकंदांत निकाली निघते. आमच्या झटापटीचा आकडा येथेही तोच येतो, याचे समाधान वाटले. उसंतीची तुलना मात्र करता येत नाही, कारण कबड्डीत ती घड्याळाने ठरते, दमाने नाही.

रविवार, ९ मार्च

टेबलावरची पहिली चाचणी. बुरुजावरचा तोच प्रसंग तीन वेगवेगळ्या फेऱ्यांनी खेळलो, आणि दर फेरीला प्रत्यक्षात किती मिनिटे गेली ते वहीत लिहिले.

तीन सेकंदांच्या फेरीत लढाई बारा फेऱ्या चालली आणि फेरीला सरासरी ११ मिनिटे लागली. छत्तीस सेकंदांच्या लढाईला सव्वादोन तास. शिवाय निम्म्या फेऱ्यांत ‘मी फिरतो’, ‘मीही फिरतो’ एवढेच घडले, जे वास्तवाला धरून आहे आणि असह्य आहे.

दहा सेकंदांच्या फेरीत प्रत्येकाला तीन कृती दिल्या. फेऱ्या चारच झाल्या, पण तीन कृतींचा क्रम लावण्यात प्रत्येक जण बुद्धिबळ खेळू लागला आणि फेरी १४ मिनिटांवर गेली. तिसऱ्या फेरीत भाच्याची तिसरी कृती येईपर्यंत त्याने जिच्यावर ती बेतली होती ती व्यक्ती मेलेली होती.

एका मिनिटाची फेरी वीस मिनिटांत संपली. सर्वांत सुटसुटीत. आतेभाऊ मात्र खवळला: ‘मिनिटाला एकच वार? मी काय हळदीकुंकवाला आलोय का?’ त्यात अनेक वार धरलेले असतात, हे मी समजावून सांगितले. पण फासा एकदाच पडतो आणि खेळणाऱ्याला फासाच दिसतो. पुस्तकात काय धरले आहे, ते दिसत नाही.

विचार करण्याच्या वेळेला लगाम बसावा म्हणून ३० सेकंदांची दोन वाळूची घड्याळे आणली होती, १५० रुपये. एक ४१ सेकंद चालते. ते उलटे केले की ३६ सेकंद. दुसऱ्यात वाळू मधेच अडते आणि टिचकी मारावी लागते. पाळी येताच बँकेतला मित्र घड्याळाची ४१ सेकंदांची बाजू वर येते का, ते पाहू लागला. घड्याळे भाच्याला खेळायला दिली, आणि त्याऐवजी सूत्रधाराने हळू आवाजात दहापर्यंत मोजायचे ठरले. बिनपैशाचा उपाय, आणि बरा चालतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेल्या हातांनी फासे टाकू नयेत, ही सूचना मी चौथ्यांदा केली आणि चौथ्यांदा ती कोणी मानली नाही.

रविवार, २३ मार्च

मोजमापाने दिलेले सगळे एकत्र करून फेरीची व्याख्या बदलली: एक झटापट आणि तिच्या मागची उसंत मिळून एक फेरी. पहिल्या दहा फेऱ्या सहा सेकंदांच्या, म्हणजे मिनिटभर. त्यानंतर दम सुटलेला असतो म्हणून फेरी बारा सेकंदांची. कागदावर हे फार देखणे दिसत होते.

टेबलावर अकराव्या फेरीला कोसळले. आतेभावाचे पात्र दमलेले, पण कुमकेतले तिघे ताजे. फेरी कोणाच्या दमाने मोजायची? मी बारा सेकंद धरले, तर ताज्या माणसांना उगाच मध्ये थांबावे लागते. सहा धरले, तर दमलेल्याला दम सुटल्याची शिक्षाच होत नाही. वीस मिनिटे वाद झाला आणि डाव अर्धवट सोडला. फेरी सगळ्यांची एकच असते आणि दम ज्याचा त्याचा असतो, ही गोष्ट काठ्या घेऊन दोघे-दोघे लढताना आमच्या लक्षात येण्याजोगीच नव्हती, कारण तेव्हा दोघेही एकाच वेळी दमत होते.

पुढचा रविवार पाडव्याचा. सुट्टी.

रविवार, ६ एप्रिल

ऊन चाळिशीच्या वर गेल्यामुळे माडी सोडून खालच्या खोलीत बसलो. बदल असा केला: फेरी सर्वांसाठी कायम सहा सेकंदांची. ज्याच्या दहा फेऱ्या लढण्यात गेल्या, तो तेथून पुढे एक फेरी सोडून एक फेरी वार करतो. मधल्या फेरीत त्याला फक्त बचाव करता येतो आणि ९ मीटरपर्यंत सरकता येते. धावून आलेल्याच्या पहिल्या दोन फेऱ्या अशाच बचावात जातात. धावण्याचे अंतर फेरीला २५ मीटर. हिशेब ठेवायला प्रत्येकासमोर दहा शेंगदाणे ठेवले आणि दर लढत्या फेरीला एक उचलायचा ठरवले. पाचव्या फेरीपर्यंत भाच्याने आपले सगळे खाऊन टाकले होते, म्हणून नंतर चिंचोके.

हे चालले. फेरीला सात मिनिटे पडली आणि दहाव्या फेरीनंतर पाचांवर आली, कारण दमलेल्यांना ठरवण्यासारखे कमी उरते. लढणाऱ्यांचे वागणेही बदलले. नवव्या फेरीला आतेभावाने, चार वर्षांत प्रथमच, स्वतःहून मागे सरून दाराच्या कमानीत उभे राहायचे ठरवले.

बंदुकीचे मात्र सात फेऱ्यांचे सातच ठेवले. वहिनींनी वादात न पडता आपल्या पात्राच्या पदरी दोन चाकर नेमले आणि तीन भरलेल्या बंदुका आणवल्या. एक झाडायची, दोघांनी भरत राहायचे. चाकरांचा पगार मोहिमेच्या खजिन्यातून जातो आणि त्यावर बँकेतल्या मित्राची हरकत आहे.

रविवार, १३ एप्रिल

मूळ प्रसंग पहिल्यापासून खेळलो. कुमक पाचव्या फेरीच्या अखेरीस बुरुजावर आली, सहावी फेरी धापा टाकत उभी राहिली आणि सातव्या फेरीला तिने पहिला वार केला. येथे एक दुरुस्ती करावी लागली: ‘धावून आलेल्याच्या पहिल्या दोन फेऱ्या’ असा नियम लिहिला होता, त्याने वार आठव्या फेरीत जात होता. ११ सेकंद हे पोहोचल्याच्या क्षणापासून मोजलेले आहेत, पुढची फेरी सुरू झाल्यापासून नाहीत. म्हणून आता ‘पोहोचल्यानंतरची एक पूर्ण फेरी’ असे लिहिले आहे. आतेभावाने ही दुरुस्ती मला स्वतःच्या हाताने त्याच्या वहीत लिहायला लावली.

खर्च सगळा मिळून २,०२० रुपये, त्यांतले ९५० अंगठ्याचे. ज्वारी वहिनींना मोजून परत दिली. पाव किलो कमी भरली, आणि तिचा शोध लागलेला नाही. घोड्याचे अंतर आणि वळण्याचा वेळ मोजायचा राहिला आहे. पुढचा प्रसंग तलावाच्या बाजूने घोडदळ येण्याचाच आहे, तेव्हा टांगा कोणाकडे मिळेल याची चौकशी भाचा करतो आहे.